दोन वाम आणि चोपन्न लिटर

जानेवारीतली गोष्ट. गुरुवारची संध्याकाळ, ऑफिसातून नुकताच घरी आलो होतो. आईचा व्हिडिओ कॉल. चेहरा दिसायच्या ऐवजी स्क्रीनवर काच, काचेमागे पाणी, आणि पाण्यात एक शेपटी.

"पाय बरं, गप्पीच्या अंगावर रवा सांडल्यासारखं काय झालंय?"

पाहिलं. खरंच, कुणी बारीक रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके. शेपटीवर, परांवर. दोन-तीन मासे दगडाला अंग घासत होते. ज्यांनी कधी घरात मासे पाळलेत त्यांनी हे ओळखलं असेलच. व्हाइट स्पॉट, म्हणजे 'इक'. पाळीव माशांच्या सर्दी-खोकल्याइतका कॉमन, फक्त सर्दी-खोकल्याने सगळं घर आठवड्यात साफ होत नाही आणि याने होऊ शकतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव रोहिणखेड. बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. इतिहासवाल्यांना नाव माहीत असतं, कारण इथे १४३७ आणि १५९० अशा दोन लढाया झाल्या. पहिलीत बहामनी फौजेने खानदेशच्या नसीरखानाला हरवलं, दुसरीत बुऱ्हाण निजामशाहने जमालखानाला. बाकी जगाला "मलकापूरकडे" एवढं सांगून काम भागतं. बाबा जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाल्यावर रिकामे बसतील म्हणून मी दिवाळीत दोन फुटी फिशटँक घेऊन दिला. घरात सगळ्यात खूश झाला माझा पुतण्या, आणि दोन महिन्यांत टँक पूर्णपणे बाबांचा झाला.

रहिवासी असे: आठ गप्पी, पाच विडो टेट्रा ("माशाले असं नाव ठेवतेत का कोणी?" इति बाबा), चार-पाच गोगलगायी आणि तीन कूली लोच. हे कूली लोच म्हणजे बोटभर लांब, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे, सापासारखे वळवळणारे मासे. दिवसभर दगडाखाली, रात्री बाहेर. बाबा त्यांना 'वाम' म्हणायचे, ओढ्यातल्या वामसारखे दिसतात म्हणून. बाबांचा जीव त्या तिघांवर. रात्री दहाला टॉर्च घेऊन मोजायचे, तीन आहेत ना.

आणि डिसेंबरअखेर पुतण्याने बुलढाण्याहून दोन काळ्या मोली आणल्या. पिशवीतून थेट टाकीत.

तर मी काय केलं? जे मी रोज ऑफिसात करतो तेच. रिमोट सपोर्ट. म्हटलं, बाबा, मोताळ्याहून औषध मागवा, फोटो पाठवा. तासाभरात बाटलीचा फोटो आला. मॅलॅकाइट ग्रीन असलेलं हिरवं-निळं औषध, दर दहा लिटरला एक मिली. टाकी साठ बाय तीस बाय तीस. चोपन्न हजार घनसेंटिमीटर, म्हणजे चोपन्न लिटर. म्हटलं, साडेपाच मिली टाका. झालं. दहा मिनिटांचं काम. जेवलो, झोपलो.

गावात रात्री चार तास लाइट गेली. हवेचा पंप बंद.

सकाळी बाबांचा फोन. "दोन वाम गेल्या." थोडं थांबून, "औषध जास्त झालं का रे?"

मी म्हणालो, "नाही बाबा, आजारच जास्त होता."

हे वाक्य लिहायला मला दोन वीकेंड लागले. कारण ते बोलत असतानाच मी लॅपटॉपवर त्या लेबलचा फोटो मोठा करून वाचत होतो आणि शेवटच्या ओळीत, मुंगीच्या अक्षरात, लिहिलं होतं: टेट्रा आणि खवले नसलेल्या माशांना निम्मा डोस द्यावा. लोचचे खवले नसल्यासारखेच, कातडीत रुतलेले असतात. औषध त्यांच्या अंगात इतरांपेक्षा लवकर भिनतं. आणि माझ्या चोपन्न लिटरमध्ये तळाची खडी, दगड आणि वर रिकामी सोडलेली पाच सेंटिमीटर जागा, सगळं पाणी म्हणूनच मोजलं होतं.

आईला तेवढं सांगितलं की एक तृतीयांश पाणी बदल, पंप बंद पडू देऊ नको. आणि रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. राजूर घाट उतरताना जाग आली. मोताळ्याला उतरलो तेव्हा उजाडत होतं आणि थंडी म्हणजे काय विचारू नका. मलाच हुडहुडी भरली होती, चोवीस-पंचवीस डिग्रीत जगणाऱ्या माशांचं काय झालं असेल! (हीटर होता. पण रात्री 'उगाच बिल येते' म्हणून आई बंद करायची. चूक तिची नाही, हीटर कशासाठी असतो ते मी सांगितलंच नव्हतं.)

आता थोडं त्या ठिपक्यांबद्दल, कारण सगळी गंमत तिथे आहे. ठिपका म्हणजे रोगाचा डाग नव्हे, तो एक जिवंत एकपेशीय परजीवी. नाव भलं मोठं, इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. तो माशाच्या कातडीखाली बसून खातो, आणि तिथे असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की गळून तळाशी जातो, कवच करतो, आत फुटत फुटत शेकड्यांनी पिल्लं तयार होतात. ती पोहत निघतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध, मीठ, जे काही आहे ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं.

म्हणजे काय? आज ठिपके दिसतायत म्हणून आज जास्त औषध ओतून काहीही उपयोग नाही! ठिपक्याला हात लागत नाही, मासा मात्र मरतो. आणि आठवड्याने ठिपके गायब झाले म्हणून औषध बंद केलं तर आणखी मोठी चूक. सगळे तळाशी गेलेले असतात, पुढची पलटण घेऊन येतात. हे चक्र पंचवीस डिग्रीला आठवड्याभरात फिरतं, दहा डिग्रीला महिन्याहून जास्त घेतं. म्हणून पाणी हळूहळू गरम करायचं. चक्र लवकर फिरतं, पिल्लं लवकर बाहेर येतात, आणि तीस डिग्रीच्या आसपास बहुतेक जातींची वाढच खुंटते.

सकाळी चहा घेऊन कामाला लागलो. पहिलं काम, टाकीत खरोखर पाणी किती ते मोजायचं. मी म्हटलं, टाकी पुन्हा भरताना बादलीने मोजू. बाबा उठले आणि ओट्यावरची हिरवी बादली घेऊन आले.

"ते नोका घेऊ!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "त्यात फवारणीचं कालवता तुम्ही."

बाबांनी बादली तिथेच ठेवली. मी तिचा वास घेतला, काहीच येत नव्हता. पण कपाशीवर मारतात त्या पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला जेवढ्याने काही होत नाही त्याच्या कितीतरी कमी मात्रेत माशाला मारतात. घासून धुतली तरी प्लॅस्टिकचा भरवसा नाही. (माणसाला काही होत नाही हेही अर्धसत्यच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून आई ती बादली विहिरीवर नेऊ देत नाही.) पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांनी हसू नये. टाकीजवळ लावलेली डासांची लिक्विड मशीन आणि झुरळांचा स्प्रे यांच्यातही बहुधा याच कुळातली रसायनं असतात.

तर नवी बादली आली. मोजलं. एक्केचाळीस लिटर.

बाबा बाजूला वही घेऊन बसले होते. जुनं हजेरीपत्रक, शाळेतून आणलेलं कोरं. त्यात त्यांनी माशांची नावं लिहिली होती. गप्पी १ ते ८, टेट्रा १ ते ५, मोली १, २. आणि वाम १, वाम २ यांच्यापुढे, शाळेत मुलगा गाव सोडून गेला की लिहितात तसं, 'नाव कमी'.

त्यांनी वर समासात लाल पेनाने ४१ लिहिलं. त्याच्या खाली, मी फोनवर सांगितलेला ५४ आधीच लिहिलेला होता. गणिताचा मास्तर. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांतून चुका शोधलेला माणूस. बोलले काहीच नाहीत. पेनाला टोपण लावलं.

म्हटलं, "बाबा, आजार जास्त नव्हता. औषधच जास्त झालं. मी लेबल पुरतं वाचलं नाही." मग सगळं सांगितलं. एक्केचाळीस लिटरला चार, त्याचं निम्मं दोन, आणि आपण टाकलं साडेपाच. जवळपास पावणेतीनपट.

"मले समजलं होतं शुक्रवारीच," ते म्हणाले. "बाटलीचं मीबी वाचलं तवा, चष्मा लावून. तू कवा सांगतो ते पाहत होतो."

यावर काय बोलणार?

मग प्रश्न राहिला पुढचा. मिश्र टाकीचं दुखणं हेच असतं मंडळी, की एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. गप्पी आणि मोलीला मीठ मानवतं, मोली तर खाऱ्या पाण्यातही आरामात राहते. तेच मीठ लोचला जड जातं, गोगलगायींना आणि पाणवनस्पतींनाही. तांब्याचं औषध इकवर चालतं, पण गोगलगायी हमखास मरतात. मिथिलीन ब्लू, ते निळं औषध जे दुकानदार प्रत्येक रोगावर देतो, ते इकवर लेचंपेचं आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं. हे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचा निकाल लावत असतात. ते मेले की मासे ठिपक्याने नाही तर स्वतःच्याच घाणीने मरतात. शेजारच्या तात्यांनी "विहिरीत टाकतेत ते लाल औषध" सुचवलं, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. त्यात बरोबर मात्रा आणि घातक मात्रा इतक्या जवळ असतात की वजनकाटा नसलेल्याने हात लावू नये. एकाने टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाका म्हटलं. ते अँटिबायोटिक, जिवाणूंसाठी. हा जिवाणूच नाही.

मी सवयीने विचार करत होतो की आजारी मासे बाहेर काढून वेगळे ठेवू. पण टाकीत तळाशी कवचं पडलेलीच होती, म्हणजे आजारी तर टाकीच होती. शेवटी उलटं केलं. ज्यांना औषध सोसतं त्यांना बाहेर काढलं आणि ज्यांना सोसत नाही त्यांना घरी ठेवलं.

गप्पी आणि मोली वीस लिटरच्या टबात गेले. त्यात खडे मीठ, लिटरला दोन ग्रॅम म्हणजे चाळीस ग्रॅम, किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून, विरघळवून, एका दिवसात तीन हप्त्यांनी. बुलढाण्याहून दुसरा हीटर आणला. मुख्य टाकीत टेट्रा, गोगलगायी आणि उरलेली एकुलती वाम. तिथे मीठ नाही, औषध नाही. फिल्टरमध्ये नवा कोळसा टाकला, तो आधीचं औषध शोषून घेतो. (औषध चालू असताना मात्र हाच कोळसा काढून ठेवायचा, नाहीतर औषध त्याच्याच पोटात जातं.) पाणी दिवसभरात हळूहळू तीस डिग्रीवर नेलं. आणि रोज तळाची खडी पाइपने उपसून पाव टाकी पाणी बदलायचं, म्हणजे तळाशी पडलेली कवचं बाहेर.

गरम पाण्याचा एक तोटा आहे. त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस डिग्रीला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तीसला साडेसात. लाइट गेली आणि पंप थांबला की संकट. गुरुवारी रात्री हेच झालं असावं, वर पावणेतीनपट डोस. तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, आधी घेतली असती तर... असो.

पाइपने पाणी काढताना बाबांनी सवयीने पाइप तोंडाला लावला. ट्रॅक्टरचं डिझेल असंच काढतात ना! हातातून ओढून घेतला. मॅलॅकाइट ग्रीन कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे, म्हणून खायच्या माशांच्या शेतीत त्याला बंदी आहे. शिवाय टाकीच्या पाण्यातल्या काही जिवाणूंनी हाताच्या जखमेतून न बरी होणारी गाठ येते. पाइप पाण्यात बुडवून, भरून, तोंड बोटाने दाबून बाहेर काढला तरी पाणी येतंच. औषधाचं पाणी त्यांना मेथीच्या वाफ्यात सोडायचं होतं. तेही नाही. कोळशातून गाळून, अंगणाच्या कोपऱ्यात, विहिरीपासून लांब.

नवं पाणी भरायचं तेही नळाखालून थेट नाही. पाण्यात ब्लीचिंग पावडर असते आणि क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. दुकानात त्यावर 'हायपो'चे खडे मिळतात. बाबांना नाव ऐकूनच आनंद झाला. त्यांच्या मित्राच्या फोटो स्टुडिओत डार्करूममध्ये हेच हायपो असायचं म्हणे.

रविवारी दुपारी सगळं लागी लागलं तेव्हा आम्ही दोघं टाकीसमोर खुर्च्या टाकून बसलो. बाबा म्हणाले, "एक सांग. दोन हजार वीसमधे तू पुण्याहून आला तवा तुले चौदा दिवस शाळेत ठेवलं का नाही?"

ठेवलं होतं. मे महिना, लॉकडाऊन, बाहेरून आलेल्या प्रत्येकाला गावच्या शाळेत चौदा दिवस. मी, नागपूरहून आलेला एक आणि सुरतहून आलेले तिघं. घर चारशे पावलांवर, आई डबा फाटकात ठेवून मागे सरकायची. सरपंचाने सूट द्यायची तयारी दाखवली होती, मास्तरांचा पोरगा म्हणून. बाबांनीच नको म्हटलं. मी बरेच दिवस त्यावर फुगून होतो, हे खरं.

"मग मोलीले काहून नाही ठेवलं?"

हाच तो प्रश्न. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवले असते तर यातलं काहीच झालं नसतं. ठिपके टबात दिसले असते, मीठ टबातच पडलं असतं, आणि वामांना कळलंही नसतं. टब शंभर-दीडशे रुपयांना मिळतो.

सोमवारी मी पुण्याला परत. पुढे रोज रात्री हजेरीपत्रकाच्या पानाचा फोटो यायचा. तापमान सकाळ-संध्याकाळ, किती पाणी बदललं, कोणावर किती ठिपके. पाचव्या दिवशी एक टेट्रा गेला, तीस डिग्री झेपली नाही की आजार, ठरवता येत नाही. टबातली एक गप्पी गेली. आठव्या दिवशी ठिपके शून्य. आई म्हणाली आता टाकून द्या सगळे एकत्र. बाबांनी नकार दिला आणि आणखी चौदा दिवस मोजले. त्याच दरम्यान आईने फिल्टरचा स्पंज नळाखाली साबण लावून लखलखीत धुवायला घेतला होता, बाबांनी ऐन वेळी पाहिलं. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात फक्त पिळायचा, कारण ते उपयोगी जिवाणू तिथेच राहतात. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी कुठून तरी वाचलं होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे एका टाकीत आले. तिसरी वाम जिवंत आहे. एकटी राहिल्याने जास्त लपते. कूली लोच घोळक्यात राहणारे, म्हणून आणखी दोन आणायच्या का, असं मी घाबरत घाबरत विचारलं होतं. बाबा "पाहू" म्हणाले होते.

गेल्या आठवड्यात फोन केला तर मागून पुतण्याचा आवाज येत होता, दोन नवे आणलेत म्हणून. माझ्या पोटात गोळा.

"कुठायत ते?"

"शाळेत," बाबा म्हणाले. "ओट्यावर टबात. आज तिसरा दिवस. एकवीस झाल्याशिवाय फाटक उघडत नाही मी."